फुकट, चालू आहे

डॅलसच्या उत्तरेकडच्या वस्त्यांमध्ये जड कचऱ्याची गाडी येते, त्याच्या आदल्या संध्याकाळी लोक घरातल्या नकोशा वस्तू रस्त्याच्या कडेला आणून ठेवतात. बसका सोफा, पाय मोडलेली खुर्ची, मुलं मोठी झाल्यावर उरलेली छोटी सायकल. अशाच एका संध्याकाळी एका घरासमोरच्या हिरवळीवर ऑफसेट स्मोकर, म्हणजे मांस मंद धगीवर धुरात शिजवायचं साधन, उभा होता. आडवं पिंप, त्याच्या कुशीला जोडलेली छोटी भट्टी, दुसऱ्या टोकाला धुराडं, खाली दोन चाकं. मुठीला चिकटपट्टीनं कागद लावलेला आणि त्यावर जाड मार्करनं तीन शब्द: ‘फुकट. चालू आहे.’ चाकांवरची नक्षी अजून झिजलेली नव्हती, म्हणजे वस्तू फार तर एका उन्हाळ्याची. भट्टीवरचा काळा रंग मात्र पापुद्रे धरून सुटला होता आणि खालून तांबूस गंज डोकावत होता. झाकणाच्या आतल्या बाजूला डांबरासारखा काळा, चकचकीत थर. बोट लावलं तर चिकट, वास घेतला तर घशात कडवटपणा उतरणारा. भट्टीच्या दारातून आत एक ओंडका दिसत होता. टोकाला काळा पडलेला, बाकी जसाच्या तसा, सालीसकट.

त्या कागदावरचं ‘चालू आहे’ मनातून जाईना.

लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलं नव्हतं. स्मोकरमध्ये बिघडण्यासारखं असतंच काय? झाकण उघडत होतं, दार लागत होतं, धुराडं जागेवर होतं. तरीही कुणीतरी हौसेनं दोनशेच्या आसपास डॉलर मोजून आणलेली ही वस्तू वर्षाच्या आत रस्त्यावर आली. स्मोकर चालू असण्याचा खरा अर्थ दुकानातल्या पाटीवर लिहिलेला नसतो. आतली हवा सहा, आठ, कधी बारा तास २२५ ते २५० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण १०७ ते १२१ अंश सेल्सिअसवर, फारशी न हलता राहिली पाहिजे आणि तेवढा वेळ मांसावरून जाणारा धूर स्वच्छ असला पाहिजे. एवढ्या दोन गोष्टी जमल्या की पत्र्याचा डबाही स्मोकर असतो. त्या नाही जमल्या तर दोन चाकांचा देखणा ऑफसेटसुद्धा नुसतं लोखंड. हात आखडता घेऊन खरेदी करायची असेल तर पैसे कुठे टाकायचे हे या दोन गोष्टींवरूनच ठरवावं, कारण दुकानात डोळ्यांत भरतात त्या वेगळ्याच गोष्टी: मोठा आकार, बाजूचे लाकडी कप्पे, झाकणावरची भली मोठी तबकडी.

ऑफसेट म्हणजे काय हे मराठी माणसाला चित्र काढून सांगावं लागू नये. जुन्या घरातल्या चुलीला शेजारी वैल असायचा. जाळ चुलीत आणि त्याची धग मातीच्या आतल्या वाटेनं वैलात. वैलाला स्वतःचं लाकूड नसतं. त्याच्यावर ठेवलेली आमटी करपत नाही, निवतही नाही, नुसती रटरटत राहते. ऑफसेटमध्ये हेच आडवं केलेलं आहे, एका टोकाला आग, दुसरीकडे मांस, आणि मधून वाहणारी धग नि धूर. चुलीपाशी बसणारी बाई आच कमी करायची तर हवा कोंडत नसे. ती लाकूड मागे ओढून घ्यायची, जाळ लहान करायची, पण जळतं ठेवायची. ओलं लाकूड आलं, राख साचली, हवा अडली की खोलीभर धूर होतो, डोळ्यांतून पाणी येतं आणि फुंकणी हातात घ्यावी लागते, हे तिला पक्कं माहीत. लाकडाचा दाट पांढरा धूर हा पदार्थाला चव देणारा धूर नव्हे, अर्धवट जळण्याची ती खूण आहे. टेक्सासमधले जाणते लोक ऑफसेटवर नेमकं हेच करतात. भट्टीची हवा मोकळी, धुराडं पूर्ण उघडं, जाळ लहान आणि लखलखीत, आणि दर अर्ध्या-पाऊण तासाला एक छोटं, वाळलेलं फाटं आत. धुराड्यातून बाहेर पडतो तो इतका विरळ, निळसर धूर की मागचं आभाळ दिसावं.

मध्य टेक्सासच्या ज्या धुरावलेल्या मांसाची कीर्ती आहे, ती जर्मन आणि चेक वस्तीतल्या खाटकांच्या दुकानांतून आली. लॉकहार्टसारख्या छोट्या गावात अजून पोस्ट ओकच्या लाकडावर मांस भाजतात. आज नावारूपाला आलेल्या अनेक जागांचे ऑफसेट प्रोपेन गॅसच्या जुन्या प्रचंड टाक्या कापून केलेले असतात. त्यांचं लोखंड पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरहून जास्त जाड. एकदा तापलं की ते धग धरून ठेवतं. झाकण उघडलं, वारा सुटला, लाकूड टाकायला पाच मिनिटं उशीर झाला तरी आतला काटा जागचा फारसा हलत नाही. दुकानातला स्वस्त ऑफसेट या टाकीचा आकार घेतो, जाडी घेत नाही. त्याचा पत्रा दीड-दोन मिलिमीटरचा. लाकूड पेटलं की पंधरा मिनिटांत तीनशेच्या वर, जाळ बसला की पुन्हा दोनशेच्या खाली. झाकणाच्या कडेनं, भट्टी जोडली आहे त्या सांध्यातून, दाराच्या फटीतून हवा शिरते आणि धूर निसटतो. भट्टीकडच्या टोकाला ठेवलेला तुकडा करपतो, धुराड्याकडचा कच्चा राहतो. दुकानात उभं असताना याची एक सोपी परीक्षा आहे: वजन विचारावं. खऱ्या जाड पत्र्याचा लहानात लहान ऑफसेटसुद्धा दोन माणसांना सहज उचलता येत नाही. खोक्यात घालून गाडीच्या डिकीतून घरी नेता येतो, तो पातळच असणार.

अशा स्मोकरची दुरुस्ती करता येते आणि ती करणारे चिकाटीचे लोकही आहेत. झाकणाच्या कडेला उष्णता सोसणारी नोमेक्सची पट्टी, सांध्यांत भट्टीसाठीचं सिलिकॉन, भट्टीच्या तोंडाशी धग खाली वळवणारी पत्र्याची आडकाठी, धुराड्याचं आतलं तोंड जाळीच्या पातळीपर्यंत खाली आणायला ॲल्युमिनियमचा पाइप, कोळशासाठी जाळीदार पत्र्याची टोपली, आणि दोन टोकांना दोन नवी थर्मामीटरं. बेरीज केली तर पन्नास ते शंभर डॉलर आणि दोन शनिवार. नाकापेक्षा मोती जड. एवढं करूनही पत्रा पातळ तो पातळच, दर अर्ध्या तासाला उठून लाकूड घालणं चुकत नाही. ज्याला जाळाशेजारी दिवसभर बसण्यातच आनंद आहे त्यानं जरूर घ्यावा. शनिवारी सकाळी मराठी शाळा, दुपारी मुलांची मॅच आणि संध्याकाळी चार पाहुणे असं ज्या घराचं वेळापत्रक असतं, त्या घरानं पहिला स्मोकर म्हणून तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग काय घ्यावं? बावीस इंची केटल. तीच ती गोल, तीन पायांची, घुमटाच्या झाकणाची शेगडी, जी इथल्या निम्म्या अंगणांत दिसते आणि जिला लोक फक्त बर्गर भाजण्याचं साधन समजतात. तिचा जन्म १९५२ सालचा. शिकागोतल्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या लोखंडी बोयाचे दोन अर्धगोल घेतले, खालच्याला पाय लावले, वरच्याला मूठ लावली. या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो बोया. बोया घडवताना एकच गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे कुठूनही गळता कामा नये. केटलचं झाकण आजही तसंच बसतं. हवा आत यायला तळाशी झडप, बाहेर जायला माथ्यावर झडप, आणि मधे फट नाही. पत्रा पातळच आहे, पण जाड पत्र्यानं जे काम केलं असतं ते इथं त्या दोन झडपा करतात.

त्यातही कळीची गोष्ट अशी की केटलमध्ये जळतो तो कोळसा. लाकडाची हवा कोंडली तर ते धुमसतं आणि कडू धूर सोडतं. कोळसा हा आधीच जाळून घेतलेला असतो, त्यातला कडवट धुराचा भाग कोळसा पाडायच्या भट्टीतच निघून गेलेला असतो. त्याची हवा कमी केली की तो निमूटपणे मंद होतो. आच कोळशानं राखायची आणि चवीपुरते लाकडाचे चार-पाच तुकडे घालायचे, ही विभागणी एकदा डोक्यात बसली की स्वस्त स्मोकर निवडणं सोपं होतं. ज्या भांड्यात कोळशाची हवा मुठीत राहते, ते घ्यावं.

केटलवर दिवसभराची मंद आच राखायची रीत सोपी आहे. ब्रिकेट, म्हणजे उशीच्या आकाराचे एकसारखे दाबीव कोळसे घ्यावेत, ओबडधोबड लाकडी कोळसा या कामाला नको, कारण त्याची आच एकसारखी चालत नाही. खालच्या जाळीवर कडेकडेनं दोन कोळशांची रुंदी आणि दोन कोळशांची उंची अशी साखळी मांडत जायची, पाऊण वर्तुळापर्यंत. इथं तिला ‘साप’ म्हणतात. तिच्या पहिल्या अर्ध्या भागावर मुठीएवढे हिकरी, ओक किंवा सफरचंदाच्या लाकडाचे चार-पाच तुकडे, एकमेकांपासून थोड्या थोड्या अंतरावर. मधल्या मोकळ्या जागेत ॲल्युमिनियमचा पसरट ट्रे, त्यात गरम पाणी. ठिबकणारी चरबीही त्यात पडते आणि कोळशावर भडका उडत नाही. मग धुराड्यासारख्या पत्र्याच्या डब्यात, चिमनी स्टार्टरमध्ये, फक्त आठ-दहा कोळसे कागद पेटवून लाल करून घ्यायचे आणि सापाच्या एका टोकाला ठेवायचे. पेटवायचं द्रव अजिबात वापरायचं नाही, त्याचा वास शेवटच्या घासापर्यंत पुरतो. विस्तव सावकाश कोळशामागून कोळसा घेत पुढे सरकतो. वरची झडप पूर्ण उघडी आणि झाकण असं फिरवायचं की ती मांसाच्या बरोबर वर यावी, म्हणजे धूर मांसावरून जाऊनच बाहेर पडतो. आचेचा सगळा खेळ खालच्या झडपेवर. सुरुवातीला अर्धी उघडी, काटा २०० अंशांवर आला की पाव, आणि मग बोटभर इकडे, बोटभर तिकडे. बहुतेक नवशिके काटा २५० च्या पुढे गेल्यावर झडप बंद करायला धावतात. तोवर जास्तीचे कोळसे पेटलेले असतात आणि ते खाली यायला पाऊण तास लागतो. म्हणून काटा चढत असतानाच हात आखडायचा. अशी पाऊण वर्तुळाची साखळी वारा नसला तर आठ तासांच्या आसपास चालते. जास्त हवी असेल तर जळून गेलेल्या बाजूनं आणखी कोळसे मांडत जायचं.

आणि झाकण उघडून बघत बसायचं नाही.

प्रत्येक वेळी उघडलं की साठवलेली धग जाते आणि ताजी हवा मिळाल्यावर कोळसा उसळतो. रायगडात थंडीच्या दिवसांत पोपटी लावतात, तेव्हा मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन भरून तोंड भांबुर्ड्याच्या पाल्यानं ठासतात आणि मडकं उलथं करून भोवती जाळ करतात. मधे कुणी ते उचलून बघत नाही. आतलं काम आतल्या आत होऊ द्यायचं असतं. केटलपाशीही तेवढाच धीर लागतो, फक्त इथं अर्ध्या तासाऐवजी सहा तास.

हा धीर येतो तो थर्मामीटरमुळे, आणि कमी पैशांच्या खरेदीत लोक नेमका तोच गाळतात. झाकणावर बसवून आलेली तबकडी मांसापासून वीतभर वर असते. तिच्यात आणि जाळीवरच्या खऱ्या तापमानात तीस ते पन्नास अंशांचा फरक सहज पडतो. ती २५० दाखवत असते आणि मांस बसलेलं असतं ते तीनशेत किंवा दोनशेत. चाळीस-पन्नास डॉलरचं दोन प्रोबचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या दोन सळ्यांचं, डिजिटल थर्मामीटर घ्यावं. एक प्रोब जाळीला, मांसापासून दोन इंच बाजूला, दुसरा मांसाच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता. आणल्याबरोबर त्याची परीक्षा घ्यावी: बर्फानं गच्च भरलेल्या पेल्यात थोडं पाणी घालून प्रोब बुडवला की ३२ अंश फॅरनहाइट दाखवायला हवेत, उकळत्या पाण्यात २१२. डेन्व्हरसारख्या उंचीवरच्या गावात पाणी २०२ च्या आसपासच उकळतं, तिथं थर्मामीटर परत करायला धावू नये. दोनशे डॉलरांत ऑफसेट आणि तबकडीवर विश्वास, की साठची जुनी केटल आणि पन्नासचं थर्मामीटर, असा प्रश्न असेल तर मला उत्तर द्यायला क्षणही लागणार नाही.

साठ डॉलर हा आकडा हवेतला नाही. नवी बावीस इंची केटल दोनशेच्या घरात जाते, पण घर बदलणारे लोक जुन्या केटल चाळीस ते पंचाहत्तरला देतात. बघायला जाताना चार गोष्टी तपासाव्यात. खालच्या वाडग्याच्या आत, राख साचते तिथं, बोटानं दाबून गंजाची भोकं पडली आहेत का ते पाहायचं. तळाची झडप फिरवणारी पाती मोकळी फिरतात का आणि बंद केल्यावर भोकं पूर्ण झाकतात का. पाय जिथं खोबणीत बसतात ती जागा ढिली झाली आहे का. आणि झाकण ठेवल्यावर ते डुगडुगतं का, कारण कुठूनतरी पडलेली केटल पोचलेली असते आणि मग कड नीट बसत नाही. वरचा मुलामा टवके उडालेला असला, जाळ्या गंजलेल्या असल्या तरी हरकत नाही, जाळ्या वीस-तीस डॉलरला नव्या मिळतात. माथ्यावरच्या झडपेवर एक-दोन इंग्रजी अक्षरं छापलेली सापडतात, ती बनवल्या वर्षाची खूण. घरी आणल्यावर आत थोडा ओला पाला धुमसवून झडपा बंद कराव्यात आणि कडेकडेनं नजर फिरवावी, किंवा चालू शेगडीच्या कडेला पेटती उदबत्ती धरावी. तिची रेघ जिथं आत ओढली जाईल तिथं फट आहे. मग हिशोब असा: केटल साठ, चिमनी स्टार्टर वीस, थर्मामीटर पन्नास, कोळशाची थैली वीस, लाकडाचे तुकडे दहा. एकशेसाठ झाले. दोनशेतले चाळीस मांसाला उरले.

बाकीच्या प्रकारांबद्दल फार लिहावं असं नाही, पण एक-दोन वाक्यं प्रत्येकाला दिली पाहिजेत. उभ्या कॅप्सूलच्या आकाराचा ‘बुलेट’ हा याच कामासाठी घडवलेला. कोळशाच्या कड्यात न पेटलेले कोळसे काठोकाठ भरून वर पंधरा-वीस पेटलेले ठेवले की रात्रभर चालतो. चारशेच्या आसपास पैसे असतील आणि मोठा तुकडा वारंवार करायचा असेल तर केटलपेक्षा तो सरस. विजेवर चालणारं कपाट स्वस्त आणि बिनकटकटीचं आहे, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना कधीकधी तेवढंच परवानगीत बसतं. पण त्यातलं लाकूड धुमसतं, जळत नाही, त्यामुळे मांसाच्या कडेला धुरात शिजल्याची खूण असलेली गुलाबी रेघ उमटत नाही. बहुतेक स्वस्त कपाटं २७५ अंशांवर थांबतात, हे त्याहून मोठं दुखणं. पेलेटचा स्मोकर १९८०च्या दशकात ऑरेगनमध्ये जो ट्रेगर यांनी आणला. भुश्श्याच्या दाबीव गोळ्या मोटरच्या मळसूत्रानं थोड्या थोड्या आत सरकतात, पंखा हवा देतो, आच यंत्र राखतं. सोय निर्विवाद आहे. मात्र चारशे-पाचशेच्या आतल्या यंत्रात मोटर, पंखा, पेटवण्याची कांडी आणि नियंत्रक असे चार बिघडणारे भाग येतात, आणि दमट हवेत गोळ्या फुगून मळसूत्रात सिमेंटसारख्या बसतात. ह्यूस्टनसारख्या ओलसर गावात थैली उघडी ठेवायची सोय नाही.

हातानं काम करायची आवड असलेल्यांसाठी पंचावन्न गॅलनचं पिंप आहे. शंभर डॉलरांत आणि एका शनिवारात स्मोकर तयार होतो: तळापासून दोन इंचांवर पाऊण इंची तीन-चार भोकं, त्यांना पाइपाचे तुकडे आणि त्यातल्या एकाला तोटी, आत कोळशाची टोपली, तिच्या तळापासून चोवीस इंच वर जाळी. पिंपाचा आतला व्यास साडेबावीस इंच, त्यामुळे केटलची जाळी त्यात बसते आणि थोडंसं वाकवून घेतलं तर झाकणही. इथं दोन बाबतींत काटकसर करायची नाही. आतून लेप दिलेलं किंवा रसायनांचं पिंप घ्यायचं नाही, कोरं किंवा खाण्याच्या वस्तूंचंच घ्यायचं, आणि तरीही पहिल्यांदा आत लाकडाची मोठी आग करून ते लालभडक तापवून घ्यायचं. आणि जस्ताचा मुलामा असलेला एकही भाग आत लावायचा नाही, तापल्यावर जस्ताची वाफ फुप्फुसाला बाधते.

मराठी घरात स्मोकर घेताना एक गोष्ट इथल्या मार्गदर्शनात सापडत नाही, ती म्हणजे आपण त्यात शिजवणार काय. इथलं सगळं बोलणं ब्रिस्केटभोवती फिरतं, गाईच्या छातीच्या त्या दहा-बारा पौंडांच्या तुकड्याभोवती. आपल्याकडे कितीतरी घरांत तो तुकडा कधी येणारच नाही. येणार ते चिकन, बकऱ्याचं मटण, मासे, कुठं पोर्क. हे आधी मान्य केलं की मोठ्या आकाराची गरजच संपते. चिकनला मंद आच मानवत नाही, २२५ वर तासन्‌तास ठेवलं तर मांस शिजतं पण कातडी रबरासारखी होते. पाठीचं हाड कापून चपटं केलेलं चिकन ३२५ अंशांवर, कोळसे दोन बाजूंना आणि चिकन मधे, सव्वा-दीड तासात छातीला १६५ आणि तंगडीला १७५ अंश गाठतं आणि कातडी कुरकुरीत राहते. २७५ वर थांबणारं विजेचं कपाट इथं मार खातं, केटल खात नाही. बकऱ्याची रान दिसायला ऐटदार, पण चरबी कमी, लवकर कोरडी पडते. खाटकाला आधी सांगून खांदा अख्खा, तुकडे न करता मागून घ्यावा. तीन-चार पौंडांचा खांदा २५० अंशांवर साडेतीन-चार तास न गुंडाळता धुरात, मग दोन कांदे नि अर्धी वाटी पाण्याबरोबर फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून, आतलं तापमान १९५ ते २०० होईपर्यंत. हाड हातानं फिरवलं की सुटून आलं पाहिजे. खाली फॉइलमध्ये जमलेला तो दाट, धुरकट रस टाकून देऊ नये, तांबड्या रश्श्याला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

गुंडाळायचं कशासाठी, हे कळलं तर घाबरायला होत नाही. मोठा तुकडा साधारण १५० ते १७० अंशांच्या मधे कुठंतरी अडतो. काटा तास-दोन तास हलतच नाही. नवा माणूस समजतो की आग विझली, आणि झडप सताड उघडून बसतो. खरं तर मांसाच्या पृष्ठावरून पाणी उडत असतं आणि ते उडताना धग घेऊन जातं. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं त्याच कारणानं. फॉइल गुंडाळलं की वाफ कोंडते, आणि काटा पुन्हा चढू लागतो. घाई नसेल तर न गुंडाळताही चालतं, बाहेरची खरपूस साल जास्त चांगली येते. त्याची किंमत म्हणजे आणखी दोन-तीन तास आणि तेवढा कोळसा.

विकत घेण्याआधी अंगण मोजावं, हेही राहून जातं. भिंतीपासून, कुंपणापासून, लाकडी छज्जापासून दहा फूट अंतर धरावं. अनेक शहरांत अपार्टमेंटच्या बाल्कनीत कोळशाची शेगडी नियमानंच बंद असते, सोसायटीची कागदपत्रं आधी वाचावीत. पाऊस आला म्हणून गॅरेजमध्ये ओढून घेणं जिवावर बेतू शकतं. दार उघडं असलं तरी कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वासावाचून साचतो. काम संपल्यावर दोन्ही झडपा बंद करून विस्तव गुदमरू द्यावा, उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. राखेत दुसऱ्या दिवशीही निखारा जिवंत असू शकतो, ती झाकणाच्या पत्र्याच्या बादलीतच काढायची, प्लॅस्टिकच्या कचरापेटीत कधीच नाही.

त्या हिरवळीवरच्या ऑफसेटपाशी पुन्हा यावंसं वाटतं ते आतल्या ओंडक्यामुळे. मनगटापेक्षा जाड, हातभर लांब, शेकोटीसाठी विकतात तसला. एवढ्या छोट्या भट्टीला याच्या निम्म्या लांबीचं, अंगठ्याएवढ्या जाडीचं फाटं पुरतं. तो आत घातला गेला असेल तेव्हा आधी जाळ भडकला असेल, तबकडीचा काटा साडेतीनशेच्या पुढे गेला असेल, आणि कुणीतरी पुस्तिकेत वाचल्याप्रमाणे हवेची झडप बंद केली असेल. भट्टीच्या दारावरची ती चकती खरंच पूर्ण बंद होती. त्यापुढचं सगळं झाकणाच्या आत काळ्या थरात लिहिलेलं होतं. लाकूड धुमसत राहिलं, दाट पांढरा धूर तासन्‌तास मांसावर बसला, बाहेरून ते सुरेख गडद दिसलं असेल, आणि पहिल्या घासाला जीभ बधिर झाली असेल. पाहुण्यांनी छान झालंय म्हटलं असेल. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी झाकण उघडलंच गेलं नाही, आणि मग पावसाळी हवेनं भट्टीचा तळ धरला.

अंधार पडता पडता एक पिकअप थांबला. दोघांनी स्मोकर पुढून-मागून धरून सहज उचलला आणि मागे ठेवला. उचलताना तो तिरपा झाला, भट्टीचं दार उघडलं आणि ओंडका गवतावर पडला. त्यांनी तो तसाच राहू दिला. हातात घेतल्यावर तो अपेक्षेपेक्षा जड लागला, ओल्या लाकडासारखा. काळ्या टोकाची राख बोटांना लागली, पण दुसऱ्या टोकाला, सालीच्या खाली नख रुतलं तिथं लाकूड अजून पांढरं होतं.